जगाचा शेवट आणि चंद्रीची धार

साथीच्या वर्षी मी जगाचा शेवट शनिवारी सकाळी ठरवला आणि शुक्रवारी संध्याकाळी आमची म्हैस देऊन टाकली.

'आमची' म्हैस म्हणणं हीसुद्धा माझी जुनी खोड. म्हैस मार्थाची होती. लग्नात तिच्या बापानं दावं तिच्या हातात दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हिला नीट सांभाळा." (बायकोला की म्हशीला, हे मी विचारलं नाही. पुढं दोघींनी मिळून मलाच सांभाळलं.) म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद, आणि स्वभाव असा की मार्थाशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे. त्यातही एक अट होती. धार काढताना मार्था तिच्या आईकडून आलेलं एक गाणं म्हणायची, 'ये प्रभू, दारी ये.' ते सुरू झालं की चंद्री डोळे अर्धे मिटायची आणि पान्हा सोडायची. गाणं नाही, तर दूध नाही.

महाराज तेव्हा तरुण होते, गादी नवी होती, आणि शहरात प्लेगचे उंदीर पडत होते. घरं रिकामी करायचा हुकूम सुटला आणि सगळं कोल्हापूर उठून माळावर आलं. आम्ही कळंब्याच्या तळ्याकाठी गणूअण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात झोपडी घातली. एका बाजूला अण्णांचं खोपट, दुसऱ्या बाजूला दस्तगीर कल्हईवाला. भांड्यांना कल्हई लावून घ्यायला लोकांपाशी भांडीच उरली नव्हती, म्हणून तो आपल्या तट्टावरून झोपड्यांना चुना पोचवत होता. आमची तीन वर्षांची सलोमी नुकतीच तापातून उठली होती. साधाच ताप, पण त्या दिवसांत साधा ताप असं कुणी म्हणत नसे. उठली ती काटकीसारखी होऊन, आणि चंद्रीच्या कोमट दुधाखेरीज पोटात काही ठरेना.

मी मिशनच्या शाळेत मास्तर. शाळा बंद. मास्तराला काम नसलं की तो विचार करतो, आणि माझ्यासारखा मास्तर विचार करायला लागला की घरच्यांनी सावध व्हावं.

पहाटे मी तळ्याच्या बांधावर जाऊन बसायचो. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. पलीकडं रिकामं शहर धुक्यावर तरंगत असल्यासारखं दिसायचं, जणू कुणी ते जमिनीवरून हलकेच उचललंय आणि कुठं ठेवावं याचा विचार चाललाय. मांडीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडं, शेवटची पानं. जगाचा शेवट येताना एकेक करून फुटणारे सात शिक्के, आणि पहिल्या चारांबरोबर निघणारे चार घोडे: पांढरा, तांबडा, काळा, फिकट. खरं सांगतो, त्या दिवसांत शेवटाची भीती वाटत नव्हती. उलट गोड वाटायचं. ताप नाही, उंदीर नाही, रात्री कुणाच्या झोपडीतून रडणं नाही. पाण्यावर पाऊल टाकावं आणि चालत पलीकडं जावं, इतकं सोपं. सलोमीचं कपाळ दर तासाला चाचपावं लागणार नाही अशी ती एक लांबलचक सुट्टी होती.

मग घोडे यायला लागले.

रविवारी तपासणीचे डॉक्टर आले ते पांढऱ्या घोड्यावर. सोमवारी महाराजांच्या पागेतला एक स्वार तांबडा घोडा फिरवत गेला, कमरेला तलवार. (शास्त्रात दुसऱ्याजवळ तलवारच आहे!) मंगळवारी धान्याचा व्यापारी काळ्या घोड्याच्या गाडीतून आला, पुढ्यात तराजू. शास्त्रातल्या तिसऱ्याच्या हातातही तराजू. आणि बुधवारी पहाटे, धुक्यातून, मेल्यासारख्या फिकट रंगाचा चौथा घोडा माझ्यासमोरून आवाज न करता गेला. वर एक वाळकी आकृती.

चार शिक्के झाले, उरले तीन. दिवसाला एक धरला तर शनिवार.

मार्थाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यो दिवस कुणालाच ठाऊक न्हाय, असं तुम्हीच पोरांस्नी शिकवता की."

"मी तारीख कुठं काढली? नुसता वार काढलाय."

तिनं भाकरी उलटली.

आता माझी खरी काळजी म्हणजे चंद्री. आम्ही तिघं वर गेलो आणि ती मुकी खाली राहिली तर तिची धार कोण काढणार? कास भरून तडतडली तर जनावराला किती यातना होतात. असा पेच सगळ्या ख्रिस्ती जगात फक्त मलाच पडला असेल, याचा मला थोडा अभिमानही वाटला. मी दस्तगीरकडं गेलो. त्याच्या दारात त्याचं तट्टू उभं होतं, नखशिखांत चुन्यानं माखलेलं, फिकट. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि पुढं बोलत राहिलो.

दस्तगीरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, ईसा, म्हंजे तुमचा येशू, आमच्यात बी उतरणार हाय. कयामत आमच्यात बी हाय की. शनिवारी झालीच, तर मी बी जबाब द्यायला उभा असणार. तवा तुमची म्हस कोण धरंल?"

यात तथ्य होतं. आम्ही दोघं मिळून गणूअण्णांकडं गेलो. अण्णा तंबाखू मळत होते. जग कधी बुडणार, त्यांचा अंदाज काय, असं मी विचारलं.

"पुराणिकबुवा सांगतात, कलियुग आत्ताशी सुरू झालंय. अजून चार लाख वरसं तरी हाईत." अण्णांनी चिमूट तोंडात टाकली. "मी हाय हितंच. कुटं जातोय?"

मी आणि दस्तगीरनं एकमेकांकडं पाहिलं. सगळ्यात लांबचं पंचांग अण्णांचं होतं. म्हैस त्यांच्याकडंच जायला हवी.

म्हशीला नवं दार अंगवळणी पडावं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळची धार झाल्यावर, मार्था धुणं घेऊन तळ्यावर गेली असताना, मी दावं सोडलं आणि चंद्रीला रेडकासकट अण्णांच्या दारात बांधून आलो. ती परत आली तेव्हा खुंटा मोकळा. मी समजावून सांगितलं. तिनं धुण्याचा पिळा मोकळ्या खुंट्यावर ठेवला.

"पोरीला सकाळी भूक लागंल."

"तोवर आपण वर."

"वर म्हशी हाईत?"

"दूध-मध वाहतंय म्हणतात."

"वाहतंय," मार्था म्हणाली. "म्हंजे तिथं बी कुणीतरी बाईच धार काढत असणार."

शनिवारी पहाटे मी सगळ्यांना अंघोळी करायला लावल्या, धुतलेली पांढरी वस्त्रं नेसवली आणि बांधावर नेऊन उभं केलं. दस्तगीरही आला, नमाज आटोपून. 'बघायला काय हरकत हाय' म्हणाला. धुकं इतकं दाट की पायाखालचा बांधही दिसेना. आम्ही चौघं आधीच ढगात उभे आहोत असं वाटत होतं. सलोमी मार्थाच्या खांद्यावर होती. आधी ती कुरकुरली, मग रडली, मग रडण्याचाही जोर संपला आणि नुसती तोंड उघडून मिटायला लागली. मार्था तिला थोपटत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी मनात म्हणालो, देवा, येणार असलास तर आता ये, लवकर ये.

आणि धुक्यातून गाणं आलं.

"ये प्रभूऽ, दारी येऽ..."

मी गुडघ्यावर बसलो. दस्तगीरनं टोपी सारखी केली. आवाज खालून येतोय की वरून, काही कळेना. जरा घोगरा होता खरा. पण देवदूतांचाही घसा या साथीत बसला असेल, असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "मार्था," मी म्हणालो, "आलेत ते."

मार्था कान देऊन ऐकत होती.

"हे माझं गाणं हाय," ती म्हणाली. "आन् चाल चुकतीया."

सलोमीला घेऊन ती तशीच पांढऱ्या लुगड्यात बांध उतरली आणि धुक्यात नाहीशी झाली. क्षणभर मला वाटलं, ती गेली वर, आणि मीच मागं राहिलो. मग मीही धावलो.

गणूअण्णा खोपटाच्या दारात चंद्रीखाली बसले होते. डोक्याला मुंडासं नाही, कपाळावर ताजं टेंगूळ, शेजारी चेपलेली चरवी. गुडघ्यांत दुसरी चरवी धरून, डोळे घट्ट मिटून ते जिवाच्या आकांतानं प्रभूला बोलावत होते. चंद्रीनं रेडकू लावूनही दाद दिली नव्हती, आंबोण खाऊन लाथ मारली होती. शेवटी तीन महिने शेजारून कानांवर पडलेलं गाणं त्यांनी काढलं, तेव्हा कुठं चरवीच्या तळाला चार धारा लागल्या होत्या.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमचा देव येऊ दे न्हायतर न्हाय, तुम्ही या. माझा घसा फाटला."

मार्थानं सलोमीला माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि बसली. तिचं गाणं सुरू झालं. चंद्रीनं डोळे अर्धे मिटले. चरवीत फेस चढायला लागला, तसतसं धुकंही कुठंतरी विरायला लागलं, आणि तळ्यापलीकडं शहर पुन्हा जमिनीवर टेकलेलं दिसलं. सलोमीनं पेल्यात नाक बुडवून एका दमात दूध संपवलं आणि ओठांवर पांढरी मिशी घेऊन माझ्याकडं बघून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी तिचं कपाळ चाचपलं. गार होतं.

दस्तगीर आपल्या तट्टाचा चुना झाडत होता. मी तिकडं बघायचं टाळलं.

मार्थानं चंद्रीचं दावं हातात घेतलं आणि अण्णांना म्हणाली, "अण्णा, उपकार झाले. फुडल्या खेपेला ह्यांनी असा वार काढला, तर म्हस न्हाय, ह्यांनाच तुमच्याकडं बांधून ठेवते."

गणूअण्णांनी मला जनावरांच्या बाजारात बघतात तसं खुरापासून शिंगापर्यंत निरखलं. मागून एक फेरीही मारली.

"नगं बाई," ते म्हणाले. "दूध न्हाय, ओझं वडत न्हाय. चार लाख वरसं कुणी पोसायचं?"