बाप्पामागची टाकी

बाबा निवृत्त झाले आणि आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये समुद्र आला. ज्या घरात नळाच्या वेळेवर सगळ्यांच्या आंघोळी ठरायच्या, तिथे बाबा माशांच्या टाकीसाठी गाळलेल्या पाण्यात खास विकत आणलेलं मीठ ढवळत बसायचे. आई मालवणकडची. मासा ताटात असतो, काचेत नाही, हे तिने आल्यागेल्याला ऐकवलं. पण टाकीतली केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी तिच्या बोटांजवळ येऊन खायला लागली आणि बाई पाघळली. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच ठाण्याला गेले होते. आई फोनवर आधी त्या जोडीने काय खाल्लं ते सांगायची, मग मी जेवले का ते विचारायची. मला चक्क राग यायचा. आता तेच फोन हवेहवेसे वाटतात.

मग बाबांनी बॉक्सफिश आणला. पिवळाधमक, अंगावर काळे ठिपके, आकाराने खरोखरच चौकोनी. लुडोचा फासा पाण्यात फिरतोय असं वाटायचं. दुकानदाराने बजावलं होतं आणि बाबांनी वाचूनही काढलं होतं, की हा चावत नाही, डंख मारत नाही, पण घाबरला की अंगातून विष सोडतो. टाकीत ते जाणार कुठे? बाकीचे मासे मरतात, कधी तो स्वतःही मरतो. मग असला आणायचाच कशाला, असं आईने विचारलं. त्याला घाबरवलं नाही की झालं, असं बाबा म्हणाले.

आणि मग सगळं घर त्या चौकोनी जिवाच्या धाकात राहू लागलं. काचेवर टकटक करायची नाही. मिक्सर आतल्या खोलीत. टीव्हीचा आवाज इतका बारीक, की मालिकेतल्या बायका का रडतायत ते कळेना. मी माहेरी गेले की यावरून बाबांची यथेच्छ चेष्टा करायचे. ते गालात हसायचे आणि माझ्या हातातला रिमोट काढून घ्यायचे.

गणपती आले. भरलेली टाकी हलवता येईना, म्हणून बाबांनी बाप्पाच टाकीपुढे बसवायचे ठरवले. मागे निळं पाणी, त्यात फिरणारे मासे, पुढे चौरंगावर मूर्ती. यंदाचं मखर जिवंत आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. इतका खूश माणूस मी क्वचितच पाहिलाय.

संध्याकाळच्या आरतीला अख्खा मजला आमच्या हॉलमध्ये उभा राहिला. झांजा, ढोलकी, घंटा, टाळ्या, सगळं काचेपासून हातभर अंतरावर. मिक्सर आत नेणाऱ्या आमच्या घरात हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आरतीला कोणी आवाज म्हणतं का? शेवटच्या घोषाला आईची नजर वर गेली आणि तिने बाबांचा दंड घट्ट धरला. पाण्यावर फेस आला होता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पिवळा खाली वाळूवर आडवा पडला होता.

पाणी बदलायला बाबा एक पिंप नेहमी भरलेलं ठेवत. आईने त्यातलं पाणी बादलीत ओतलं, बाबांनी जाळीने मासे उचलले. जोडीतला धाकटा तेवढा बादलीत हलत राहिला. बाकीचे गेले, पिवळाही गेला. बाप्पाच्या घरात असं व्हायला नको होतं, असं कोणीतरी दारात कुजबुजलं. बाबांनी ते ऐकलं. रात्री ते जेवले नाहीत. आईची जोडी मी मारली, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांची फार दया आली, आणि त्या कुजबुजणाऱ्या बाईचा भयंकर राग.

सकाळी लोक आरतीला जमले तेव्हा आई दारातच उभी होती. बादली अजून हॉलच्या कोपऱ्यात होती, हवेचा पंप लावलेली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आज झांजा नकोत. एक जगलाय, त्याला सांभाळून म्हणा."

आणि लोकांनी खरंच तशी म्हटली. मोठमोठे पुरुष ओठातल्या ओठात आरती म्हणत होते, टाळ्यांऐवजी बोटांनी ताल धरत होते. कालची ती बाई तर बादलीकडे बघतच म्हणत होती. विसर्जनापर्यंत रोज तशीच आरती झाली. धाकटा वाचला. पण बाबांना टाकीकडे बघवेना. त्यांनी तो दुकानदाराला परत दिला. रिक्षातून जाताना पाण्याची पिशवी आईने मांडीवर धरली होती.

पुढच्या वर्षी टाकीच्या जागी साधं कापडी मखर होतं. लोक जमले आणि सवयीने हळूच सुरू झाले. बाबा एक कडवं तसेच ऐकत राहिले. मग कपाटातून झांजा काढून त्यांनी शेजाऱ्यांच्या हातात दिल्या.

"वाजवा जोरात," ते म्हणाले. "आता घाबरणारं कोणी नाही घरात."