स की म

पेंटरचा अक्षरांवर असा हात होता की चार गल्ल्यांतल्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच. खडू फासलेली दोरी ताणून टचकन रेघ मारायची आणि त्या रेघेला अक्षरं टांगायची, हे तो चाळीस वर्षं करत आला होता. पगडी बांधलेला हा माणूस जन्मापासून मराठीच बोलत आलेला, आणि गुरुवाणी म्हणायचा तीही वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ केलेली. गुरुद्वारात तो पाठाचं छोटं पुस्तक समोर धरून असा खणखणीत म्हणे की लोकांना वाटे, काय वाचतो हा! खरं तर ती वाणी ज्या गुरुमुखी लिपीत असते, तिचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. पुस्तक उलटं धरलं असतं तरी पाठ सुलटाच आला असता.

हे बिंग सुनेने फोडलं. ती पंजाबी बोलणाऱ्या घरातून आलेली. एकदा सकाळचा पाठ झाल्यावर त्याने मोठ्या विश्वासाने तिला सांगितलं की वाणीत सासूला फार मान आहे, ‘सास’ ‘सास’ म्हणत तिची सारखी आठवण काढली आहे. सून हसता हसता खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, “बाबा, सास म्हणजे श्वास. दर श्वासाला त्याचं नाव घ्यायचं, असं आहे ते.”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, तरीच आमच्या आईसमोर हे गृहस्थ एवढे मान खाली घालून बसायचे. पेंटरही हसला, पण त्या दिवशी त्याचा ब्रश चालेना. एवढी मोठी गोष्ट आपण सासूच्या गळ्यात बांधली, आणि अशा आणखी किती न कळता नुसत्या म्हणून टाकल्या, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथीबाबांपुढे जाऊन बसला. ग्रंथसाहिबाचं वाचन आणि गुरुद्वाराची सगळी व्यवस्था पाहणारे हे म्हातारे ग्रंथी कमी बोलत. एवढा पाठ म्हणणारा माणूस गुरुमुखीत निरक्षर निघाला. त्यांनी फक्त पाटी पुढे सरकवली.

बाकीची अक्षरं महिन्याभरात बसली, जोडीला शब्दांचे अर्थही बाबा सांगत गेले. अडलं ते एका ‘स’वर. गुरुमुखीतला ‘स’ दिसतो हुबेहूब आपल्या ‘म’सारखा. ज्याने आयुष्यभर म काढले, त्याचे डोळे तो म सोडायला तयार होईनात. ग्रंथीबाबा बोट ठेवून विचारत, पेंटर ठणकावून ‘म’ म्हणे, आणि बाबा नुसतं बोट तिथेच ठेवत. मेडिकलची पाटी आली तर म बघून, हा स तर नव्हे, म्हणून तो दचकू लागला. शेवटी एका सलूनच्या पाटीवर त्याने सुरेख, ठसठशीत, सावली दिलेल्या अक्षरात ‘मलून’ लिहिलं. न्हावी हात जोडून म्हणाला, “सरदारजी, तुम्ही केस कापत नाही, नका कापू. पण माझं नाक तरी कापू नका.”

अशात नात झाली. बाळाचं नाव ठेवताना ग्रंथसाहिब उघडायचा, आणि जे पद समोर येईल त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरवायचं. ग्रंथीबाबांनी जाहीर करून टाकलं की या वेळी पद आजोबा वाचतील. पाटी चुकली तर पुसता येते. हे अक्षर पोरीला जन्मभर पुरायचं होतं.

त्या दिवशी पान उघडलं. पेंटरने घसा खाकरला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, “म.”

सगळ्यांचे चेहरे फुलले. पेंटरच्या मुलाची आवड म, सुनेची आवड म, आणि बाळाच्या आत्याबाईंनी तर म वरून अकरा नावं कागदावर लिहूनच आणली होती. त्या तिथल्या तिथे कुजबुजत वाचायलाही लागल्या. पेंटरला हायसं वाटलं. तो पुढची ओळ वाचू लागला, आणि अडखळला. पूर्वीचा पेंटर असता तर सपाट्याने शेवटाला पोचला असता, कारण अर्थ लागला काय न लागला काय, त्याला सारखंच. आता त्याला अर्थ हवा होता, आणि तो लागत नव्हता. तो पुन्हा वर गेला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून बराच वेळ बसला. ग्रंथीबाबा मागे उभे होते. सून मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करत होती.

न बोलता सगळं निभावलं असतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “म नाही, स आहे. मी अजून शिकतोय.”

आत्याबाईंनी कागदाची घडी घातली. पेंटरने पहिल्यापासून सुरुवात केली आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत पद पूर्ण केलं. खूप वेळ लागला. पण त्यातला शब्द न् शब्द त्याला कळला.

घरी जाताना सून हळूच म्हणाली की तिला तेव्हाच कळलं होतं. “पण चारचौघांत तुम्हाला कशाला खाली बघायला लावायचं? आम्हाला म चालला असता, बाबा.”

“तुम्हाला चालला असता गं,” नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत पेंटर म्हणाला. “पण उद्या ही स्वतः वाचायला लागली की?”