कडेचा तुकडा

रेदेंतो कोलूस गुडघ्यांवर जगला. चौदाव्या वर्षी तो मोझेकची फरशी घासायला बसला आणि पंचावन्नाव्या वर्षी उठला. जर्मनीत घासली, फ्रान्समध्ये घासली, मग आपल्या मुलखात. खडी ओतायची, रूळ फिरवायचा, सात दिवस हात लावायचा नाही, मग घासायचं, मग जवसाचं तेल. सहाव्या दिवशी हात लावणाऱ्याला तो कारागीर मानत नसे.

त्याचं स्वतःचं घर इटलीत, तालियामेंतो नदीच्या अलीकडे, सासऱ्याने मुलीला ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर होतं. भूकंपात गाव पडल्यावर त्याने ते बांधायला घेतलं. अकरा वर्षांचे रविवार गेले. स्वयंपाकघराची फरशी ओतताना त्याने नदीतून लाल, हिरवे, काळे गोटे निवडून आणले आणि स्वतः फोडले. मूलबाळ झालं नाही. घर झालं.

त्याने काम सोडलं त्या वर्षीच्या वसंतात त्याची बायको ओनोरिना दर गुरुवारी निळी कर्णफुलं घालून बाहेर पडू लागली.

"कुठे?"

"एर्मेसकडे. जमिनीचे कागद आहेत."

एर्मेस हा गावातला मोजणीदार. विधुर. हात स्वच्छ, नखं कापलेली. लग्नाआधी एका जत्रेत तो ओनोरिनाबरोबर तीनदा नाचला होता. रेदेंतो तेव्हा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याने ते तीन नाच मोजले होते. तीस वर्षं झाली, आकडा विसरला नव्हता. आयुष्यभर पट्टी आणि पेन्सिल यांहून जड काही न उचललेल्या माणसाचा पाय इतका हलका पडणारच, असं तो मनाशी म्हणे. तरी डोळ्यांसमोरून तो पाय जात नसे.

दारूच्या गुत्त्यात तिलियो लोहाराने पत्ते पिसता पिसता विचारलं, "काय रे रेदेंतो, तुझी बायको जमीन मोजून घेतेय, की मोजणाऱ्यालाच?"

सगळे हसले. रेदेंतोने पान टाकलं. डाव हरला. तो कधी हरत नसे.

पुढच्या गुरुवारी दुपारी तिने फ्रिको केला. चीज आणि बटाट्याचा जाड पोळा, तव्यावर लाल होईतो भाजलेला. कडेचा कुरकुरीत तुकडा नेहमीसारखा तिने त्याच्या ताटात टाकला. तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. लाच तर नाही ना?

"खा की. गार होतोय."

"आज कर्णफुलं काढली नाहीस."

"विसरले."

ती भांडी घासायला वळल्यावर त्याने तिची पिशवी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. आत एक चिठ्ठी होती. नोटरीचं नाव, मंगळवार सकाळी दहा, पती-पत्नी दोघांनी हजर राहावं, दोन साक्षीदार. तिलियोच्या भावाने बायकोपासून मालमत्ता वेगळी केली तेव्हाही नोटरी होती आणि दोन साक्षीदार होते. सहा महिन्यांत ती बाई निघून गेली होती. रेदेंतोने चिठ्ठी जागेवर ठेवली आणि अंगणातली लाकडं फोडली. फोडायची गरज नसलेलीही.

सोमवारी ती म्हणाली, "उद्या दाढी कर. नोटरीबाईंकडे जायचंय."

"कशाला?"

"तिथेच ऐक. इथे सांगितलं तर भांडशील."

त्याने दाढी केली. दोन ठिकाणी कापलं.

नोटरीच्या खोलीत एक कारकून बसला होता आणि त्याच्या शेजारी एर्मेस, इस्त्रीच्या कोटात. साक्षीदार. रेदेंतोने मान हलवली नाही.

नोटरीबाई वाचू लागल्या. जमीन ओनोरिनाची, वडिलांकडून आलेली. कायद्याने जमिनीवर जे उभं राहतं ते जमीनमालकाचं. म्हणून घरही एकट्या ओनोरिनाचं.

"थांबा," रेदेंतो म्हणाला. "घर मी बांधलंय."

"बांधलंत तुम्ही. पण मालकी त्यांची. तुम्हाला फार तर सामान आणि मजुरी यांचा निम्मा मोबदला मागता येईल. या तुमच्या आधी गेल्या तर यांच्या बेल्जियममधल्या भावाचाही घरात हिस्सा निघेल."

अकरा वर्षांचे रविवार. त्याने बायकोकडे पाहिलं. ती बोटातली अंगठी फिरवत होती.

"म्हणूनच पत्नी अर्धं घर तुम्हाला दान करत आहेत," नोटरीबाई म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

"काय करतेय?"

"दान."

तो उठला. "मी खडी फोडली, मी ओतली, मी घासली. आणि ते मी दान घेऊ? चर्चबाहेर बसलोय का मी?"

"अरे, कागदावरचा शब्द आहे नुसता," ओनोरिना म्हणाली.

"सही माझी आहे ना त्याच्याखाली?"

कोपऱ्यातून एर्मेस हळूच म्हणाला, "मी सांगितलं होतं तुला, ओनोरिना. दान याला चालायचं नाही." मग नोटरीकडे वळला. "बाई, लग्नानंतरचा मालमत्तेचा करार करता येईल ना? घर दोघांच्या समाईक मालमत्तेत घ्यायचं. कोणी कोणाला देत नाही, कोणी घेत नाही."

नोटरीबाईंनी चष्मा काढला. "येईल. पाऊण तास लागेल नव्याने लिहायला."

तो पाऊण तास दोघं पुरुष व्हरांड्यात होते; ओनोरिना आतच थांबली. तिथली फरशी वाईट घासलेली होती, कडेला खडी उघडी पडलेली. रेदेंतो तिच्याकडेच बघत होता.

"किती दिवस माहीत होतं तुला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आठ वर्षं," एर्मेस म्हणाला. "घराला तुझंही नाव लाव म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. ती म्हणायची, त्याला कळलं तर तो स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागेल. कागद तयार होतील तेव्हाच सांगू."

आठ वर्षं. तीन नाच त्यापुढे काहीच नव्हते. त्याच्या घराबद्दल, त्याच्या स्वभावाबद्दल ती या माणसाशी बोलत होती. आणि जे बोलली ते खरं होतं, हे सगळ्यात वाईट.

दुसरा कागद आला. रेदेंतोने तो दोनदा वाचला आणि सही केली.

परतताना पुलावर तो म्हणाला, "त्याला सांगितलंस. मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू कुदळ घेऊन फरशी उखडली असतीस."

"उखडली असती."

"मग?"

पुलाच्या टोकाला तो थांबला. "यापुढे आधी मला. मी उखडली तरी."

"बरं. आधी तुला." थोडं चालून ती म्हणाली, "रविवारी एर्मेसला जेवायला बोलावलंय. हेही आधी तुलाच सांगतेय."

"त्याला बोलावल्यानंतर?"

ती हसली. तो हसला नाही.

रविवारी एर्मेस आला. दारातच थांबून त्याने फरशीकडे पाहिलं आणि न सांगता बूट काढले. रेदेंतोला राग यायला काही निमित्त उरलं नाही, त्याचाच राग आला. ओनोरिनाने फ्रिको कापला. कडेचा कुरकुरीत तुकडा पाहुण्याच्या ताटात पडला.

रेदेंतोने हात लांबवला, काट्याने त्या तुकड्याचे बरोबर दोन भाग केले आणि एक आपल्याकडे ओढला.

"समाईक आहे," तो म्हणाला, आणि खाऊ लागला.