मुका के

कांचन मोहिते मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याला, शशिकांतना, चंडीगडच्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली आणि दोन-चार वर्षांसाठी आलेली माणसं पंचकुल्यात कायमची राहिली. बाईंनी शाळेत नोकरी कधी केली नाही, पण चंडीमंदिरच्या लष्करी वसाहतीतली कितीतरी मुलं त्यांच्याकडे इंग्रजी शिकून गेली.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. त्या शब्द अक्षरांच्या जोडीनं शिकवायच्या. जी आणि एल शेजारी आले की ग्लो, ग्लिटर, ग्लान्स, कुठंतरी उजेड पडतोच. एस आणि एन आले की स्नीझ, स्निफ, स्नोअर, गाडी नाकाशी येते. आणि के-एनमध्ये बऱ्याचदा गाठीसारखं वर आलेलं काहीतरी असतं. नी म्हणजे गुडघा, नकल म्हणजे बोटाचं पेर, नॉट म्हणजे गाठ. "त्यातला के लिहायचा, बोलायचा नाही. तो मुका," असं त्या सांगत.

गेल्या डिसेंबरात ओळखीतल्या डॉक्टर हिमानी दांडेकरचा फोन आला. तिचे वडील विश्रामकाका हवाई दलातून निवृत्त होऊन चंडीगडमध्ये मुलीकडे राहत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली होती.

"मराठी गेली, हिंदी गेली. इंग्रजीतला एखादा शब्द मात्र मधूनच येतो," हिमानी म्हणाली. "रोजचे उपचार चालू आहेतच. पण काकू, तुमच्या जोड्यांनी काही होईल का?"

"मी काही वैद्य नाही गं. पण येऊन बसेन."

बाई रोज दुपारी रिक्षानं जाऊ लागल्या. ते धुक्याचे दिवस होते. भर दुपारी समोरच्या बागेतली झाडं दिसत नसत आणि बैठकीत दिवा लावावा लागे. काका खिडकीपाशी बसत, बाई शेजारी. समोर एक खुर्ची रिकामीच असे. बाई जाड पुठ्ठ्यावर दोन अक्षरं लिहून धरत. जी-एल पाहून काका बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "ग्लास." मग पाण्याच्या पेल्याकडे बोट केलं. एस-एन धरल्यावर त्यांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि दोघंही हसली.

त्यानंतर के-एनचा दिवस आला. पुठ्ठा वर करताच उत्तर आलं, "क्नी."

"के बोलायचा नाही काका. नी."

"क्नी. क्नॉट." आवाज बारीक, घाईचा, जणू कुणाच्या आधी सांगून टाकायचं होतं. बाई पुठ्ठ्यावरून नजर काढून काकांकडे वळल्या. काकांचे ओठ मिटलेले होते. ते समोरच्या खुर्चीकडे पाहत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"क्नकल," आवाज आला. काकांचा जबडासुद्धा हलला नाही.

बाईंनी पुठ्ठा उलटा ठेवला, काकांची शाल सारखी केली आणि घरी आल्या. जेवताना शशिकांतना सांगितलं तर ते म्हणाले, "धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. शेजारचं पोर वाचत असेल."

"दारं-खिडक्या बंद होत्या हो."

"मग नको जाऊस उद्या."

"ते वाट बघतील," बाई म्हणाल्या. रात्री झोप लागली नाही ती लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिमानीला थांबवून घेतलं. "तुमच्या घरात के-एनचे शब्द कुणी के उच्चारून वाचायचं का गं?"

हिमानीचा चेहरा उतरला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं. काल. इथं."

हिमानी दाराला टेकली. मग हळूहळू बोलली. अंबाल्याला असताना तिचा धाकटा भाऊ निशांत कालव्यात बुडाला. तेव्हा तो जेमतेम वाचायला लागला होता. आईनं त्याचे फोटो उचलून ठेवले, बाबांनी त्याचं नाव घेणं सोडलं. आई गेली तरी घराची ती सवय मोडली नाही. "तोच असं वाचायचा. मी त्याला चिडवायचे."

"मग आज तू बस आमच्याबरोबर. त्या खुर्चीत नको, माझ्या शेजारी."

बाईंनी के-एनचा पुठ्ठा धरला. खोलीत इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. मग समोरून, बसलेल्या माणसाच्या उंचीपेक्षा बरंच खालून, आवाज आला. "क्नी."

हिमानीनं बाईंचा दंड घट्ट धरला. तिला ऐकू आलं होतं. तिच्या तोंडून लहानपणचेच शब्द आले. "वेड्या, के मुका असतो. नी म्हण. नी."

बाईंना वाटलं, आता धावत बाहेर जावं. पण त्यांनी पुठ्ठा खाली घेतला नाही.

मग काकांचे ओठ हलले. आवाज घोगरा, त्यांचाच. "नी," ते म्हणाले आणि आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं, मोठ्या कष्टानं, "निशांत."

आजारानंतर त्यांच्या तोंडून आलेलं ते आपल्या माणसाचं पहिलं नाव.

तो बारीक आवाज पुन्हा आला नाही. काका होळीपर्यंत दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलू लागले. हिमानीनं कपाटाच्या तळातून निशांतचा फोटो काढून बैठकीत लावला. बाई अजून जातात. एकदा शशिकांत त्यांना आणायला आले आणि दमून समोरच्या त्या खुर्चीकडे वळले, तेव्हा काका आणि बाई एकाच वेळी म्हणाले, "तिथं नको."