साडूचं चाकांवरचं घर आणि मी चढवलेला घाट

माझ्या साडूने चाकांवरचं घर विकत घेतलं त्याच आठवड्यात मला आम्लपित्ताचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी वडापाव बंद करायला सांगितलं. वडापावाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भिवंडीजवळ काल्हेरला त्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता गोदामं उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोदामात मी लोडिंग बघतो. म्हणजे रोज आठ तास मी साडूच्या जमिनीवर उभा असतो. हे ज्याला सोसतं त्याने सरळ संत व्हावं.

ते घर पिस्ता रंगाचं, गाडीमागे जोडून ओढायचं. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज. माझी बायको आत चक्कर मारून आली आणि म्हणाली, यांचा संडास किती स्वच्छ आहे. आमच्या घरचा संडास मी धुतो, तेव्हा हा टोला कुणाला होता ते सांगायला नको.

पण माझी खरी जळजळ सासूबाईंमुळे. त्या तिथल्याच कोन गावाच्या पुढे राहतात. धाकट्या जावयाचं नाव घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. माझ्याबद्दल बावीस वर्षांत एकच चांगलं वाक्य निघालं, तेही माझ्या पाठीमागे: "थोरले जावय जेवतान बरं."

म्हणून साडू जेव्हा म्हणाला की सगळे मिळून माळशेजच्या माथ्यावर दोन दिवस राहून येऊ, पण ते घर घाटातून ओढायला आपली छाती होत नाही, तेव्हा मी घास गिळायच्या आत बोलून गेलो, मी ओढतो. माझ्याकडे जुनी दणकट जीप आहे, मागे हूक आहे. त्या हुकाला आजवर फक्त आंब्याची पिशवी लटकवली होती, हे मी सांगितलं नाही. मनात एकच होतं: माथ्यावर पोचल्यावर सासूबाईंनी चारचौघांत म्हणावं, गाडी चालवावी तर थोरल्यांनी.

सामान मी स्वतः भरलं. साडूने हात लावला तर म्हटलं, राहू द्या साडूभाऊ, हा आमचा रोजचा धंदा आहे. गोदामात पहिला धडा हाच, जे आधी उतरवायचं ते शेवटी आणि दाराशी भरायचं. पोचल्या पोचल्या लागणार पाणी, गॅस, तांदूळ. त्या घराचं दार होतं अगदी मागे. तेव्हा पाण्याचे दोन ड्रम, सिलिंडर, तांदळाची गोण आणि सासूबाईंचा दगडी पाटा-वरवंटा (मिक्सरचं वाटण त्यांना चालत नाही) हे सगळं मी दाराला टेकवून रचलं. पुढच्या पलंगावर फक्त उशा. लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

निघताना सासूबाई साडूच्या एसी गाडीत पुढे बसल्या. माझ्या जीपमध्ये बायको आणि माझी ॲसिडिटी.

मुरबाड सोडल्यावर घर शेपूट हलवायला लागलं. बायकोने विचारलं, हे असं का डोलतंय? मी रस्त्याला शिव्या घातल्या. घाट सुरू झाला तशी जीपची मागची चाकं चढावर गरगरा फिरायला लागली, जणू कुणी मागून जीपला वर उचलतंय. तरी पुढे साडूच्या गाडीतून सासूबाईंची मान मागे वळलेली दिसली म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला. पुढच्या वळणावर खडी होती. चाकं घसरली, घराची शेपटी सर्रकन पलीकडच्या बाजूला गेली आणि समोरून येणारा भाजीचा टेम्पो करकचून थांबला. टेम्पोवाल्याने हिंदीत मला जे ऐकवलं त्यात माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक नव्हतं.

कसाबसा कठड्याशी गाडी घेतली. साडू उतरून धावत आला. मी म्हटलं, तुमच्या या घराचं चाकच वाकडं आहे. तो बिचारा खरंच वाकून चाक बघायला लागला.

सासूबाई सावकाश आल्या. लुगड्याचा पदर खोचून त्यांनी मागचं दार उघडलं, आत बघितलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या पेंढ्याची बैलगाडी स्वतः हाकत भिवंडीला आणायच्या, हे मी ऐकून होतो, पण कधी मनावर घेतलं नव्हतं.

"गारी उलाल हाय," त्या म्हणाल्या. "सगलं वजन मांगं. अशी गारी भरली का बैल टांगला जातं."

त्या घडीला बैल मी होतो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं तसं ड्रम, गोण, सिलिंडर सगळं मी उचलून पुढे नेलं, घराच्या चाकांच्याही जरा पुढे. पाटा सगळ्यात शेवटी. साडू मदतीला आला, या वेळी मी नको म्हटलं नाही. जीपचं बूड खाली बसलेलं डोळ्यांना दिसलं.

मी घाम पुसत उभा होतो, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या जीपचं पुढचं दार उघडलं. बायकोला म्हणाल्या, तू त्या गारीत जा, मी हितं बसतंय, यांच्या भरवशावर न्हाय सोरायची गारी.

राखण म्हणून का होईना, सासूबाई माझ्या गाडीत. साडू आपल्या रिकाम्या सीटकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. त्याचं ते तोंड बघून माझी जळजळ अर्धी थांबली. अर्धीच, कारण घाट संपेपर्यंत सासूबाई धाकट्या जावयाबद्दलच बोलत होत्या. किती गुणाचा, जमिनीचा पैसा आला तरी डोक्यात हवा न्हाय, दर रविवारी माझ्या पाया परतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून हूं हूं करत घर वर चढवलं. या वेळी शेपूट जरासुद्धा हललं नाही. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

माथ्यावर सगळे दरी बघायला गेले. साडू मागे रेंगाळला, उगाच हूक तपासल्यासारखं केलं आणि हळूच विचारलं, "दादा, आई काय म्हणत होत्या? माझ्याबद्दल काही?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. देणं अगदी सोपं होतं, एका वाक्याचं काम.

"छे," मी म्हटलं. "गाडीबद्दलच चाललं होतं."