अव्वांनी दिलेली राय

आमची गल्ली मुरुमच्या बाजाराला लागून होती. निजामाच्या शेवटच्या वर्षांत तिथं कोण कुणाच्या बाजूचा, हे पुरुषांच्या टोप्यांवरून कधीच कळलं नाही. बाहेर पडताना सगळ्यांच्या डोक्यावर काळी टोपी आणि पांढरी गांधीटोपी ट्रंकेच्या तळाशी. खरं कळायचं ते आडावर. कुणाचा नवरा जेवताना काय पुटपुटतो, हे आम्हा बायकांना पाणी शेंदता शेंदता पाठ झालं होतं. गल्लीचं मन एकीकडं होतं आणि तोंड दुसरीकडं.

मन होतं समोरच्या शिंप्याकडं. लोकांचं राज्य हवं, असं चारचौघांत बोलल्यापायी तो तुरुंगात जाऊन आला होता. तेव्हापासून त्याच्याकडं कापड टाकायलाही माणसं बिचकत. तोंड होतं कोपऱ्यावरच्या अडत्याकडं. माणूस वाईट नव्हता, लग्नकार्याला बैलगाडी मागितली तर नाही म्हणत नसे. पण साहेब म्हणाला की सूर्य मावळतीला उगवतो, तर हा तिकडं तोंड करून नमस्कार घालील.

एका वर्षी वरून हुकूम आला. बलदियावर, म्हणजे आजच्या नगरपालिकेवर, गल्लीतला एक माणूस घ्यायचा. त्यासाठी तहसिलातले पेशकारसाहेब मठापुढं बसून घरटी एक राय घेणार. राय म्हणजे मत. उभे राहिले शिंपी आणि अडत्या; त्या दोघांना स्वतःची राय नव्हती. ज्याला राय द्यायची त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं. लिहून घेणार आमचे हे, कारण बलदियाचे कारकून हेच.

ह्यांची आणि शिंप्याची दोस्ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. आदल्या दिवशी हे ताटातला घास चिवडत बसले. मी स्पष्ट सांगितलं, "शिंप्याचं नाव घेतलंत तर नोकरी जाईल. मी लेकरं घेऊन माहेरी जाईन. मग बसा दोघं मिळून काजं करत." जीभ माझी पहिल्यापासूनच तिखट.

त्याच दिवशी दवंडीवाला हलगी वाजवत ओरडून गेला होता की उद्या घरटी राय द्यायची. लेव्हीच्या नावाखाली सरकार ज्वारी नेतच होतं. आता फोडणीची राईसुद्धा मागतंय, असं शेजारच्या अव्वांनी धरलं. त्यांचं घरातलं बोलणं कानडी, त्यात उर्दूशी कधी गाठ पडलेली नाही. घरात पुरुषमाणूस नव्हता म्हणून राय त्यांचीच. सकाळी पाहते तर अव्वा पदराखाली मोहरीची वाटी धरून रांगेत उभ्या.

एकेक जण अडत्याचं नाव सांगून मान खाली घालून निघत होता. काल जेवताना सरकारला शिव्या देणारी हीच माणसं, असं मनात येऊन मला हसू आलं. कसले भित्रे म्हणायचे हे पुरुष! मग ह्यांची पाळी आली. शिंपी समोरच उभा होता. ह्यांनी कागदावरची नजर न उचलता अडत्याचं नाव घेतलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी अव्वा. पेशकारांनी राय विचारली आणि अव्वांनी वाटी पुढं केली. हशा पिकला. कुणाला द्यायची, असं पेशकारांनीही हसत विचारलं. अव्वा म्हणाल्या, "सरकारला कशाला? त्या शिंप्याच्या घरी घाला की. त्येच्याकडं फोडणीला बी काय न्हाय."

हसणं जरा थांबलं. म्हातारीची मस्करी म्हणून पेशकारांनी हात झटकला, ही राय धरू नका म्हणाले आणि उठले.

दुपारी ह्यांनी घरी बसून यादीची उर्दूत साफ नक्कल काढली. पेशकारांनी न वाचताच सही ठोकली आणि यादी मठाच्या दाराला लागली. अडत्या निवडून आला, त्यात नवल नव्हतं. संध्याकाळी शिंपी आमच्या पायरीवर येऊन बसला. त्याला उर्दू वाचता यायचं.

"वैनी, मला दोन पडल्या," तो म्हणाला.

अव्वांची धरली तरी एकच होते, असं मी म्हटलं. तो आत बघत राहिला. हे बाहेर आलेच नाहीत. अव्वांची राय ह्यांनी धरलीच होती, शिवाय स्वतःची देताना तोंडानं एक नाव घेऊन कागदावर दुसरं लिहिलं होतं. मला ते तेव्हा कळलं.

यादी अडत्यानंही वाचून घेतली होती. महिनाभरात बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भूमला. नोकरी राहिली, गल्ली सुटली. सामान बांधताना मी भांडी आदळली, वाटेत तोंड चालूच ठेवलं आणि भूमच्या त्या रखरखीत खोलीत पहिलं ताट वाढताना विचारलंच, "लिहायचंच होतं तर तवाच तोंडानं का न्हाय बोललात? त्या माणसाची चारचौघांत लाज तरी राहिली असती."

"पेशकाराला न्हाय भ्यालो मी," हे म्हणाले. "तू लेकरं घेऊन जाशील, त्याला भ्यालो."

गल्लीतल्या प्रत्येक घरात आदल्या दिवशी माझ्यासारखीच एकेक बाई बोलली असणार. मान खाली घालून निघालेल्या ज्या पुरुषांना मी हसले होते, त्यांच्या तोंडून अडत्याचं नाव आम्हीच वदवून घेतलं होतं.