साडेतीनची भरती

माझे सासरे चौतीस वर्षं सेकंड शिफ्टला होते, त्यामुळे सूर्य मावळतो ही गोष्ट त्यांना फक्त ऐकून माहीत होती.

दुपारी साडेतीनला पंच, रात्री बाराला सुट्टी. मधल्या चहाला कँटीनमध्ये जावं, तर कँटीनच्या खिडक्या पूर्वेला! रिटायर होऊन ते पुनावळ्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तर समोर पश्चिमेला भलामोठा टॉवर. चार वाजले की सूर्य त्या टॉवरच्या मागे जातो, आणि पुढे त्याचं काय होतं ते टॉवरवाल्यांनाच ठाऊक.

एक दिवस जेवताना मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो, ते मूळचे लातूरकडचे) म्हणाले, "एकदा समुद्रात बुडताना बघायचाय."

"कुणाला?" मी घाबरून विचारलं.

"सूर्याला ओ, पाव्हणं! तुमाला कशाला बुडवू?"

असं म्हणाले खरे, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबले होते. मामा कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. हाताखालून गेलेल्या प्रत्येक पार्टवर ते तीनपैकी एक शिक्का मारायचे: ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट. रीवर्क म्हणजे माल चुकलाय, पण घासूनपुसून घेतला तर चालेल. रिजेक्ट म्हणजे थेट भंगारात. शिक्के कंपनीत जमा झाले, सवय मात्र घरी आली. भाजी ओके, सून ओके, नातवंडं ओके. मी गेली अठरा वर्षं रिजेक्ट! साखरपुड्यात मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी जे "हं" केलं होतं, त्यात पुढे एका अक्षराची भर पडली नाही.

तेव्हा मी ठरवलं, मामांना सूर्यास्त दाखवायचाच. त्यात पुढच्या महिन्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर होडीबिडी विसरा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला रजा मिळाली ती शनिवारची. पहाटे निघायचं, दुपारी मालवणच्या खाडीवर पोचायचं, संध्याकाळी होडीतून सूर्यास्त, रविवारी परत. म्हणजे हातात संध्याकाळ एकच, आणि सूर्य काही दुसरा शो लावत नाही.

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला. मी चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत एचआरला आहे. माझं काम भरती. सकाळी गेटवर पोरांची रांग लागते, मी अर्ज घेतो, जागा भरल्या की बाहेर येऊन सांगतो, "भरती संपली. आता येऊन उपयोग नाही." वीस वर्षं हे एकच वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतसुद्धा म्हणतो. (ही माहिती बायकोची.)

होडीवाल्याला फोन केला तोही गेटवरूनच. चाळीसेक पोरं भोवती उभी, मागे कंटेनर हॉर्न वाजवतोय. होडीवाल्याचं नाव बाबल.

मी म्हटलं, "बाबलभाऊ, अख्खी होडी आमची हवी. दुसरी माणसं नकोत."

"चलात. पन साडेतीनच्या आत येवा. साडेतीनाक भरती पुरी होता. भरती संपल्यार येवन काय उपेग नाय!"

माझंच वाक्य! मालवणीत! मला तर गावचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा बाबल साडेतीनला होडीत माणसांची भरती करतो. म्हणजे आम्ही वेळेवर गेलो तर आमच्या मांडीवर आणखी दहा जण बसवणार. अरे वा! वीस वर्षं गेटवर काढली, तो काय मला शिकवणार? भरतीच्या वेळी गर्दी असते. भरती संपल्यावर गेलं की सगळं सुनसान. आपण निवांत साडेपाचला जायचं.

शाळेत भूगोलाला भरती-ओहोटी होती, नाही असं नाही. पण ती भरती पाचवीच्या पुस्तकात राहिली. फोनवर ऐकू आली ती थेट चाकणची.

शनिवारी जेवण उरकून आम्ही लॉजवर टेकलो आणि तीनला दहा कमी असताना दारावर थाप पडली. मामा तयार! पायात बूट, डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. मागे मामी, त्यांच्या हातात लाडवाचा डबा.

"चला पाव्हणं. साडेतीन म्हणजे सेकंड शिफ्टचा टाइम. पंधरा मिनिटं आधी गेटवर पायजे."

"मामा, निवांत! साडेपाचला जायचंय."

"होडीवाला साडेतीन बोल्ला म्हणं?"

"तो गर्दीचा टाइम. ते तुम्ही माझ्यावर सोडा."

मामांनी "हं" केलं. तेच, साखरपुड्यातलं. मग ते लॉजच्या पायरीवर जाऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघू लागले. मी आत आडवा झालो. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, राहवेना.

"अहो, भरती म्हणजे ती पाण्याची नसेल ना?"

"वैशाली," मी डोळे न उघडता म्हणालो, "भरतीत वीस वर्षं काढलीत मी."

हे वाक्य ती आजही लग्नकार्यात अनोळखी माणसांना ऐकवते.

साडेपाचला आम्ही धक्क्यावर पोचलो. माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला, गर्दी अजिबात नव्हती. पाणीही फारसं नव्हतं! होडी धक्क्याच्या बरीच खाली, पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, आणि त्या पायऱ्यांवर कपाळाला हात लावून बसलेला बाबल.

"आता कित्याक इलात? भरती संपली ना!"

"म्हणूनच तर आलो!" मी विजयी मुद्रेने म्हणालो. "भरती झाली, माणसं गेली. आता आम्ही चौघंच."

"मानसां? खयची मानसां?"

"ज्यांची भरती केलीत ती."

बाबलने आधी माझ्याकडे, मग वैशालीकडे पाहिलं. ती तोपर्यंत दुसरीकडे, लांब कुठेतरी बघायला लागली होती.

"ओ सायेब, पान्याची भरती ती! मानसांची भरती खय असता?"

"महाळुंग्याला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मागे मामा उभे होते. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आमी तीनला तयार होतो ते बरोबर होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता. डोळे मात्र पश्चिमेला लागले होते, आणि तिकडे माडांच्या दाट रांगेमागे सूर्य झपाट्याने खाली चालला होता. माझा ओकेचा शिक्का गेला खड्ड्यात, पण म्हाताऱ्याने चौतीस वर्षांत एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती झोपून घालवली होती.

"बाबलभाऊ, काहीतरी करा हो," मी हात जोडले.

बाबलला मामांकडे बघून दया आली असावी. खाडीच्या तोंडाशी गेलं की मोकळा समुद्र दिसतो, पण तिथवर जायला मधे एक उथळ पट्टा. "बघूया. पन वाटेत खय थांबाचा नाय," तो म्हणाला.

आणि निघण्याआधीच थांबलो. माझ्यामुळेच! लाइफ जॅकेटचा पट्टा माझ्या पोटावर लागेना. एकीकडून मी, दुसरीकडून वैशाली, रस्सीखेच. पोट आत घ्या म्हणाली, घेतलं. श्वास सोडू नका म्हणाली, नाही सोडला. पट्टा लागला तेव्हा दहा मिनिटं गेली होती आणि मी भडक नारंगी रंगात डोळे पांढरे करून बसलो होतो.

होडी निघाली. मामा सगळ्यात पुढे, गुडघे घट्ट धरून. एक वळण झालं, दुसरं झालं, बाबल म्हणाला, "ह्या वळान गेला की समुद्र," आणि खालून खर्रर्र आवाज येऊन होडी जागच्या जागी बसली.

बाबलने बांबू लावून जोर केला. होडी हलेना. डावीकडे माड, समोर माड, सूर्य माडांच्या मागे. मामांनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं," ते हळूच म्हणाले. मामींनी लाडवाचा डबा उघडला आणि कुणी घेत नाही बघून परत लावून टाकला.

"वजन जास्त झाला," बाबल म्हणाला. "येक मानूस कमी करूक व्हयो."

मग चार माणसांच्या आठ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणताही निकष लावा: वजन, दोष, उपयुक्तता. वीस वर्षं मी लोकांची भरती केली, आणि कपातीची पहिली वेळ आली तेव्हा यादीत एकच नाव!

"उतरतो," मी म्हणालो आणि नव्या पांढऱ्या बुटांसकट उतरलो. पाणी गुडघाभर होतं. त्याच्याखाली चिखल होता, त्याची मात्र कुणी मोजदाद केली नव्हती. मी मांडीपर्यंत आत गेलो. आणि होडी? ती सुटकेचा नि:श्वास टाकून वीतभर वर आली! बाबलने इंजिन मारलं.

"ओ! मला घ्या की!"

"थांबलंय तर होडी परत बसतली! थयच ऱ्हवा!"

"वैशाली, माझा फोन?"

"पर्समध्ये आहे!" वैशाली ओरडली आणि पर्स उंच करून दाखवली. मामांनी तर मागे वळूनही पाहिलं नाही. होडी वळणापलीकडे गेली.

मी खाडीत उभा. खेकडे बाहेर येऊन माझी पाहणी करून गेले. माडांच्या वरचं आभाळ आधी पिवळं, मग केशरी, मग लालबुंद झालं. म्हणजे पलीकडे कार्यक्रम जोरात चालला होता. दिसला असेल का? वेळेत पोचले असतील का? मी मनातल्या मनात सूर्याला विनवलं, बाबा रे, जरा दमाने घे, एक माणूस सेकंड शिफ्टवरून येतोय.

तेवढ्यात मागून आवाज आला, "खयचो रे तू?"

काठाने एक आजी टोपली घेऊन चालल्या होत्या. टोपलीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतून वेचलेले शिंपले.

"पुण्याचा," मी म्हणालो. (कोकणात पुनावळे सांगून उपयोग नसतो.)

"मगे चिखलात कित्याक? ह्या बाजून चल ना, हय वाळू आसा. घोटोसुदीक भिजाचो नाय."

खरंच की! माझ्यापासून चार पावलांवर कडक वाळू होती. आजींनी हात दिला, मी उपसून निघालो. डावा बूट मात्र खाडीने ठेवून घेतला.

"मेल्या, भरतीक येवचा ना!" आजी म्हणाल्या.

मी मान डोलावली. भरती या विषयावर बोलायचा माझा अधिकार संपला होता.

अंधार पडता पडता मी फताक-फताक करत धक्क्यावर पोचलो. उथळ पट्टा टाळून होडी खोल पाण्याच्या बाजूने, लांबचा वळसा घालून आली होती. मामी पायरीवर बसून वैशालीला सांगत होत्या, "आगं, मला तर दोन सूर्य दिसले बग. एक समुद्रात बुडाला, आन एक मागं चिखलात." (त्यांना मोतीबिंदू आहे. दुसरा नारंगी सूर्य म्हणजे मी.)

मामा बाजूला एकटेच उभे होते. मी जवळ गेलो.

"दिसला का, मामा?"

त्यांनी माझा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"पाव्हणं, बुडताना आवाज येत न्हाई ओ. मला वाटायचं, येवढा तापलेला गोळा, पाण्यात गेला की चर्रर्र व्हईल. आमच्या हीट ट्रीटमेंटला व्हतं तसं. पर न्हाई. गपगुमान जातो." त्यांनी पुन्हा पश्चिमेकडे मान वळवली. "एकदम ओके."

माझे डोळे भरून आले. त्या भरात मी विचारू नये ते विचारलं. "आणि मी, मामा?"

मामांनी हात सोडला. दोन पावलं मागे गेले. चष्मा पुसला. मांडीपर्यंत चिखल, एकाच पायात बूट, अजून न सुटलेलं लाइफ जॅकेट, सगळं वरून खाली नीट तपासलं. मी श्वास रोखून उभा.

"रीवर्क," ते म्हणाले.

वैशाली अजून म्हणते की त्यात एवढं नाचण्यासारखं काय होतं. तिला काय कळणार! अठरा वर्षं भंगारात पडलेल्या माणसाची शेवटी सासरी भरती झाली होती, आणि तीसुद्धा भरती संपल्यावर येऊन!